एका वर्षाचे तीन आकडे : देशाच्या तापमानवाढीचा आलेख चुकला त्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

आमचा चार जणांचा छोटा गट आहे. दोघं संख्याशास्त्र शिकलेले, एक मांडणी आणि चित्रं करणारी, आणि मजकुराची जबाबदारी माझी. दर जानेवारीत भारतीय हवामान खात्याचं सरलेल्या वर्षाबद्दलचं निवेदन आलं की त्यातला गाभा आम्ही सोप्या मराठीत एका पानावर आणतो. हे पत्रक शाळा, वाचनालयं आणि तालुक्याच्या साप्ताहिकांकडे जातं. पैसे कुणी घेत नाही. निवेदन इंग्रजीत असतं आणि तापमानवाढीची झळ ज्यांना बसते त्यातले बरेच जण ते कधीच वाचणार नसतात, एवढ्याच कारणासाठी हे काम सुरू झालं. २०२० सालाच्या आकड्यांपासून आम्ही ते करतो आहोत.

जानेवारी २०२५ मध्ये नेहमीपेक्षा जास्त उत्सुकता होती. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या हवामान खात्याला दीडशे वर्षं पूर्ण होत होती, आणि त्याच महिन्यात खात्याने जाहीर केलं की २०२४ हे १९०१ पासूनच्या नोंदींतलं देशातलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. देशाचं वर्षभराचं सरासरी तापमान नेहमीच्या सरासरीपेक्षा ०.६५ अंश सेल्सिअसने जास्त होतं. आधीचा उच्चांक २०१६ चा.

हा आकडा येतो कुठून, हे आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी गडबड त्यातूनच झाली. वेधशाळांत पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत तापमापक असतात. त्यावर रोजचं कमाल आणि किमान तापमान नोंदलं जातं. पण महाबळेश्वर आणि चंद्रपूर यांची तापमानं नुसती एकत्र करून भागलं तर हाती काही अर्थाचं लागत नाही. दोन्ही ठिकाणी तापमान आपापल्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर गेलं, हे मात्र शेजारी शेजारी ठेवता येतं. म्हणून तफावत मोजतात. आणि तफावत म्हटली की ‘कशापासून’ हा प्रश्न येतोच. ती ‘नेहमीची पातळी’ म्हणजे ठरावीक ३० वर्षांची सरासरी. तिला आम्ही संदर्भकाळ म्हणतो.

अडचण

पत्रक तयार झालं आणि पाठवलं. वर ठळक मथळा : ‘२०२४ : १९०१ पासूनचं सर्वांत उष्ण वर्ष’. खाली सहा खांबांचा आलेख : २०१६ (०.७१), २०२० (०.२९), २०२१ (०.४४), २०२२ (०.५१), २०२३ (०.६५) आणि २०२४ (०.६५). शेवटचा खांब गडद लाल, बाकीचे फिकट नारिंगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका निवृत्त गणित शिक्षकांचा फोन आला. आमचं पत्रक ते दरवर्षी वाचनालयाच्या फलकावर लावतात.

“एक विचारू का? मी पट्टी लावून पाहिली. तुमचा लाल खांब २०२३ च्या खांबाएवढाच आहे, आणि २०१६ चा तर त्याच्याहून उंच आहे. मग सर्वांत उष्ण वर्ष २०२४ कसं? मथळा खरा की आलेख?”

मी “सर, तपासून सांगतो” म्हणालो आणि फोन ठेवल्यावर पान उघडून बघितलं. सरांचं बरोबर होतं. आम्ही चौघांनी तो आलेख निदान पाच-सहा वेळा पाहिला होता. आमची नजर रंगावर गेली, उंचीवर गेली नाही. लाल रंगाने मथळ्याला साथ दिली आणि खांबांची उंची तपासायची गरजच वाटली नाही.

दुपारपर्यंत दुसरी चूक सापडली. पत्रकाच्या कोपऱ्यातल्या चौकटीत आम्ही लिहिलं होतं : ‘जग १.५५ अंशांनी तापलं, भारत ०.६५ अंशांनी’. जागतिक हवामान संघटनेने त्याच महिन्यात २०२४ चं जागतिक तापमान १.५५ अंशांनी जास्त असल्याचं सांगितलं होतं, पण ते १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत. आमचा भारताचा आकडा १९९१ ते २०२० च्या तुलनेतला. एक आकडा तळमजल्यापासून मोजलेला, दुसरा दुसऱ्या मजल्यापासून, आणि आम्ही दोन्ही एका ओळीत बसवले होते. वाचणाऱ्याला वाटणार, भारताची झळ जगाच्या निम्म्याहूनही कमी.

यात एक बारकावा आहे. भारताची जमीन जगाच्या सरासरीपेक्षा हळू तापली आहे, हे खरंच आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं. हवेतले धूर-धुळीचे कण सूर्यप्रकाश अडवतात, सिंचनाखालच्या मोठ्या क्षेत्रातून बाष्पीभवन होतं, आणि उष्ण कटिबंधातली, समुद्राने वेढलेली जमीन उत्तरेकडच्या खंडांइतक्या वेगाने तापत नाही. अशी त्याची कारणं अभ्यासक सांगतात. म्हणजे आमच्या वाक्याची दिशा चुकलेली नव्हती, पण त्यातला फरक बनावट होता. अशी चूक पकडणं जास्त अवघड जातं.

चुकीचं मूळ

आमच्याकडे एक एक्सेलचा तक्ता आहे. दर जानेवारीत निवेदनातला आकडा उचलायचा आणि तक्त्यात एक ओळ वाढवायची, अशी पद्धत. तक्त्याला दोनच रकाने होते : वर्ष आणि तफावत. संदर्भकाळाचा रकाना नव्हता.

२०२३ पर्यंतच्या ओळी १९८१ ते २०१० या सरासरीच्या तुलनेतल्या होत्या. २०२४ च्या निवेदनापासून खात्याने १९९१ ते २०२० ही सरासरी धरली. निवेदनात तसं स्पष्ट लिहिलं होतं. त्याच निवेदनात २०१६ चा आकडाही नव्या मापाने दिलेला होता : ०.५४. आम्ही नवी ओळ भरली आणि जुन्या ओळींना हात लावला नाही.

मग एका सहकाऱ्याने जुनी कात्रणं काढली. २०१६ चा उच्चांक पहिल्यांदा जाहीर झाला तेव्हाचा, म्हणजे जानेवारी २०१७ चा आकडा निघाला ०.९१. तो १९६१ ते १९९० या सरासरीच्या तुलनेत होता. म्हणजे एकाच वर्षाचे तीन आकडे आमच्यासमोर होते : ०.९१, ०.७१, ०.५४. तिन्ही अधिकृत, तिन्ही बरोबर. २०१६ मध्ये राजस्थानातल्या फलोदीत १९ मे रोजी ५१ अंश नोंदलं गेलं होतं. ती उष्णता तेव्हा जेवढी होती तेवढीच आजही नोंदीत आहे. बदललं ते मोजायला सुरुवात करण्याचं ठिकाण.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा थांबतो. नदीकाठच्या गावात पूर किती आला ते घाटाच्या पायऱ्यांवरून सांगतात : दहावी पायरी बुडाली, बारावी बुडाली. समजा दर दहा वर्षांनी कुणी पायऱ्यांचे क्रमांक नव्याने टाकले, आणि पाणी वर आलंय म्हणून पहिली पायरी आणखी वरची धरली. पाणी तिथेच, तरी आजोबांच्या आठवणीतला बारावीचा पूर नातवाच्या हिशेबात आठवीचा होईल. संदर्भकाळ पुढे सरकतो तेव्हा नेमकं हेच होतं, कारण १९९१ ते २०२० ही वर्षं १९६१ ते १९९० पेक्षा मुळातच उष्ण होती. झालेली वाढ ‘नेहमीच्या’ पातळीत मुरून जाते आणि उरलेलीच नजरेला पडते.

यात खात्याची चूक नाही. दर दहा वर्षांनी ३० वर्षांची नवी सरासरी वापरावी, हा जागतिक हवामान संघटनेचाच दंडक आहे. शेतीचा सल्ला, विजेची मागणी, ‘यंदाचा मे नेहमीपेक्षा गरम का’ अशा प्रश्नांना अलीकडची सरासरीच उपयोगी पडते. दीर्घकाळच्या बदलाचा मागोवा घ्यायला मात्र १९६१ ते १९९० हा काळ कायम ठेवावा, असंही संघटनेने २०१५ मध्ये ठरवलं. दोन कामं, दोन मापं. आम्ही एका कामाचं माप दुसऱ्याला लावलं होतं.

कोणते पर्याय होते

संध्याकाळी चौघं फोनवर बसलो. पहिला प्रश्न आलेखाचा नव्हताच. चूक उघड सांगायची की गुपचूप नवी प्रत पाठवायची, यावरच तासभर गेला.

मांडणी करणारीचं म्हणणं होतं की नवी प्रत पाठवावी आणि गाजावाजा करू नये. तिची भीती खोटी नव्हती. तापमानवाढ हे थोतांड आहे म्हणणारे लोक प्रत्येक तालुक्यात आहेत. ‘बघा, आकडे बदलतात’ एवढं त्यांना पुरतं. शिवाय ताजं उदाहरण होतं : मे २०२४ मध्ये दिल्लीच्या मुंगेशपूरच्या स्वयंचलित केंद्रावर ५२.९ अंश दिसले, देशभर बातमी झाली, आणि तपासणीत त्या केंद्राचं उपकरण ३ अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. नंतरचे कित्येक दिवस ‘सगळंच फुगवून सांगतात’ हे आम्ही लोकांच्या तोंडून ऐकलं होतं.

माझं मत उलट होतं. खात्याने मुंगेशपूरची चूक तपासून जाहीर केली, म्हणूनच बाकीच्या नोंदींवर माझा विश्वास वाढला. आणि सरांनी ज्या फलकावर पत्रक लावलं तिथे उद्या दुसरं पत्रक काहीही न सांगता लागलं, तर पट्टी लावून बघणाऱ्या माणसाला आम्ही काय उत्तर देणार? शेवटी उघड दुरुस्तीचं ठरलं. पण ठरायला आणि लिहून व्हायला तीन दिवस लागले, आणि त्या तीन दिवसांत चुकलेलं पत्रक फिरत राहिलं.

दुसरा प्रश्न : आलेख कसा दुरुस्त करायचा?

सगळे आकडे आपणच एका मापावर आणावेत, असं एकाने सुचवलं. २०१६ चा आकडा ०.७१ वरून ०.५४ झाला, म्हणजे फरक ०.१७. तो २०२४ मध्ये मिळवला की जुन्या मापाने ०.८२. वजाबाकी सोपी आणि मोह पडावा अशी. आम्ही ती केली नाही. संदर्भकाळ बदलला की सगळ्या वर्षांचे आकडे सारख्याच फरकाने सरकायला हवेत, हे खरं. पण दरम्यान उशिरा आलेल्या नोंदी भरल्या जातात, तपासण्या होतात, आणि एखाद्या वर्षाचा आकडा त्यामुळेही थोडा हलतो. एका वर्षावरून काढलेला फरक दुसऱ्या वर्षाला चिकटवणं धोक्याचं. आणि ०.८२ हा आकडा कुठल्याच सरकारी कागदावर नाही. वाचकाने शोधला तर सापडणार नाही, आणि सापडला नाही की संशय आमच्यावरच.

तफावत सोडून थेट तापमान द्यावं, हा दुसरा मार्ग. २०२४ चं देशाचं सरासरी तापमान २५.७५ अंश. हे आम्ही लगेच सोडून दिलं. विदर्भातल्या माणसाला ‘सर्वांत उष्ण वर्ष : २५.७५’ असं सांगितलं तर तो पुढचं वाचणारच नाही. त्याच्या मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. वर्षभराची, दिवस-रात्रीची आणि सगळ्या देशाची मिळून सरासरी म्हणजे काय, हे समजावण्यातच पान संपलं असतं.

रेडिंग विद्यापीठाचे एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये लोकांपुढे आणलेल्या निळ्या-लाल पट्ट्यांचा विचारही झाला. प्रत्येक वर्षाला एक पट्टी, आकडा एकही नाही. दिसायला फार प्रभावी. पण आमची चूकच रंगाने झाकली गेली होती, आणि पट्टी लावून पाहणाऱ्या वाचकाला त्यात मोजायला काही उरत नाही.

काय केलं

निवेदनातच १९०१ पासूनचा सलग आलेख असतो, आणि तो पूर्ण एकाच संदर्भकाळावर काढलेला असतो. इतकी वर्षं आम्ही तो ओलांडून पुढे जायचो, कारण सव्वाशे खांब एका पानावर गिचमिड दिसतील असं वाटायचं. या वेळी तोच पुन्हा रेखाटला. सगळे खांब एकाच रंगात. शून्याच्या रेषेवर ‘शून्य म्हणजे १९९१ ते २०२० ची सरासरी’ असं रेषेला लागूनच लिहिलं, खालच्या बारीक टिपेत नाही. त्यात विसाव्या शतकातले बहुतेक खांब शून्याखाली लटकताना दिसतात आणि उजवीकडे येता येता वर उगवतात. ते पाहिल्यावर मथळ्याला आलेखाची साथ मिळाली.

त्याखाली छोटी चौकट दिली : ‘२०१६ चे तीन आकडे’. ०.९१, ०.७१, ०.५४, प्रत्येकासमोर त्याचा संदर्भकाळ, आणि घाटाच्या पायऱ्यांचं उदाहरण. ही चौकट सरांनीच सुचवली होती. दुरुस्तीचा मसुदा आम्ही त्यांना आधी वाचून दाखवला, तेव्हा ते म्हणाले, “तुमची जिथे फसगत झाली तेच मुलांना दाखवा. आठवीच्या वर्गाला तास पुरेल.”

जागतिक आकड्याची ओळ काढून टाकली. तिच्या जागी मंत्रालयाच्या मूल्यांकनातली १९०१ ते २०१८ ची सुमारे ०.७ अंशांची वाढ दिली आणि जगाशी तुलना केलीच नाही. दोन्ही एका मापावर आणून देणं जास्त चांगलं झालं असतं, पण घाईत ते नीट जमणार नाही, हे आम्ही मान्य केलं.

वर ठळक अक्षरात लिहिलं : ‘दुरुस्त पत्रक. आधीच्या पत्रकातला आलेख चुकीचा होता, कारण त्यात दोन वेगवेगळ्या सरासरींवरचे आकडे एकत्र आले होते. ती चूक आमची होती, हवामान खात्याची नाही.’ शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर वाद झाला नाही.

आणखी एक वाक्य घातलं, त्यावर मात्र झाला : ‘पुढच्या वर्षी आकडा खाली आला, तरी तापमानवाढ थांबली असं समजू नये.’ २०१६ आणि २०२४ ही दोन्ही वर्षं जोरदार एल निनोच्या पाठोपाठ आलेली. प्रशांत महासागर तापला की जगाचं आणि आपलंही तापमान काही काळ वर जातं, मग उतरतं. उच्चांकाच्या बातमीतच उताराची कल्पना दिल्याने बातमीचा जोर जातो, असं एकाचं मत होतं. जोर जातोच. तरीही ते वाक्य ठेवलं.

निष्पन्न

दुरुस्त पत्रकाला आधीच्यापेक्षा जास्त प्रतिसाद आला. शिक्षकांनी तीन आकड्यांची चौकट वर्गात वापरल्याचं कळवलं. एका साप्ताहिकाने नवा आलेख छापला आणि चौकटही घेतली. दुसऱ्या साप्ताहिकाने मात्र जुनाच आलेख आधी छापला होता, आणि दुरुस्ती देतो म्हणूनही दिली नाही. ‘आकडे बदलतात, म्हणजे खोटे’ असं म्हणणारे दोन निरोप आले. त्यातल्या एकाला उत्तर दिल्यावर त्याने १९६१ ते १९९० चा संदर्भकाळ धरून आलेख मागितला, आणि तो प्रश्न योग्यच होता. दुसऱ्याने उत्तर दिलं नाही.

पुढच्या वर्षी २०२५ चा आकडा २०२४ च्या बराच खाली आला. ‘मग तापमानवाढ कुठे गेली?’ हा प्रश्न आम्हाला अपेक्षेपेक्षा कमी वेळा विचारला गेला. वाद घालून ठेवलेलं ते वाक्य किती जणांच्या लक्षात राहिलं होतं हे सांगता येणार नाही, पण फलकावर ते वर्षभर होतं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट तीन दिवसांची. आलेख चुकल्याचं नक्की झालं त्याच तासाला ‘हा आलेख पुढे पाठवू नका, दुरुस्त प्रत येत आहे’ एवढी एक ओळ जायला हवी होती. चूक कशी सांगावी यावर चर्चा करण्यात जो वेळ गेला, त्यात चुकलेला आलेख आमच्या हाताबाहेर गेला.

दुसरी गोष्ट तक्त्याची. आता त्यात चार रकाने आहेत : वर्ष, तफावत, संदर्भकाळ, आणि आकडा कोणत्या तारखेच्या निवेदनातून घेतला ते. दर जानेवारीला जुनी ओळ तशीच ठेवून नवी जोडायची पद्धत बंद केली. आता सगळी मालिका त्या वर्षीच्या निवेदनातून नव्याने भरतो. दोन तास जास्त जातात.

तिसरी गोष्ट अजून सुटलेली नाही. आमच्या नव्या आलेखातही शून्य १९९१ ते २०२० वरच आहे, आणि वाचणारा माणूस शून्याला ‘ठीक आहे’ असंच वाचतो. त्या रेषेखाली विसाव्या शतकाच्या सुरुवातीची पातळी दाखवणारी दुसरी तुटक रेषा असायला हवी, म्हणजे ‘नेहमीचं’ स्वतःच किती चढलंय ते दिसेल. ती रेषा कोणत्या प्रसिद्ध मालिकेवरून काढायची आणि तिच्यावर काय लिहायचं, यावर चौघांचं अजून एकमत नाही. मला १९०१ ते १९३० ची सरासरी घ्यावीशी वाटते. सहकाऱ्याचं म्हणणं, तेव्हाच्या वेधशाळा कमी आणि विरळ होत्या, ते सांगितल्याशिवाय रेषा काढू नये. त्याचंही बरोबर आहे.

मे महिन्यात गावाकडच्या एका नातेवाइकाने मला एक चित्र पाठवलं : सहा खांब, शेवटचा गडद लाल, खाली आमच्या गटाचं नाव. ‘हे तुमचंच ना?’ मी हो म्हणालो, दुरुस्त पत्रक पाठवलं, आणि ज्यांच्याकडून ते चित्र आलं त्यांनाही ते पाठवायला सांगितलं. त्यांना ते कुणाकडून आलं हे त्याला माहीत नव्हतं.